दाजी पॉझिटिव्ह, मग ताई निगेटिव्ह कशी? एचआयव्ही आत शिरतो तेव्हा पेशींमधे काय होतं

"रिपोर्ट खोटा शे. नईतं मनी बहीणले काबर नई लागनं?"

मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे, एचआयव्ही तपासणीचं सेंटर आमच्या लॅबला लागूनच आहे, आणि हा प्रश्न ज्याने विचारला तो अमळनेर-पारोळा भागातला कपाशीवाला शेतकरी होता (गाव-नाती थोडी बदलून सांगतोय, ओळख पटेल असं काही लिहिणार नाही). त्याचे दाजी पॉझिटिव्ह निघाले होते, तीन वेगवेगळ्या किटवर तपासून, म्हणजे चुकायला जागा जवळजवळ नाही. लग्नाला सहा वर्षं, एक पोरगी, आणि बहीण निगेटिव्ह. दाजींनी स्वतःच त्याला विश्वासात घेऊन सोबत आणलं होतं. कौन्सेलर मॅडमसमोर तो खाली मान घालून बसला आणि नंतर मला बाहेर चहाच्या टपरीवर गाठलं. त्याचं म्हणणं सरळ होतं, की एचआयव्ही म्हणजे एकदा संबंध आला की लागलाच, मग सहा वर्षांत बहिणीला लागला नाही म्हणजे दाजींना तो नाहीच, लॅबवाल्यांनी बाटल्या बदलल्या.

बाटल्यांचं मी मनावर घेतलं नाही, असले आरोप रोज होतात. पण प्रश्न चांगला होता. भिंतीवर रंगवलेल्या पाट्या वाचून वाचून आपल्या डोक्यात "संबंध म्हणजे लागण" असं गणित बसलंय, आणि आत पेशींच्या पातळीवर जे घडतं ते त्यापेक्षा खूप वेगळं आहे. विषाणूला आत शिरणं फार जड जातं, बहुतेक वेळा तो हरतो, आणि तरी माणसं पॉझिटिव्ह होतात कारण जिंकायला लाखोंतला एकच पुरतो. टपरीवर मी त्याला तुकड्या-तुकड्यात सांगितलं, इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी आकार बघा. एचआयव्हीचा एक कण साधारण मिलिमीटरचा दहा हजारावा भाग, आणि तो ज्या पांढऱ्या पेशीत घुसतो ती त्याच्या सत्तर-ऐंशी पट रुंद. बैलगाडीचं चाक म्हणजे पेशी धरली तर विषाणू म्हणजे बोर, ते पण गावरान, छोटं. ह्या बोरावर बाहेरून एक तेलकट पापुद्रा असतो आणि गंमत म्हणजे तो त्याचा स्वतःचा नसतोच, आधीच्या ज्या पेशीतून तो बाहेर पडला तिचाच ओरबाडून आणलेला असतो. ह्या पापुद्र्यामुळेच तो शरीराबाहेर नाजूक, वाळला की निकामी, म्हणून ताट-वाटी, टॉवेल, संडास ह्यातून तो लागत नाही. पापुद्र्यावर काटे असतात, तेही मोजके, दहा-पंधरा. आत कागदी पुड्यासारखा एक निमुळता कोन, बसस्टॉपवर शेंगदाणे देतात ना तसा, आणि त्या पुड्यात त्याचं सगळं भांडवल, आरएनएच्या दोन दोऱ्या (म्हणजे त्याचं लिखाण) आणि दोन-चार एन्झाइम, म्हणजे काम करणारी प्रथिनं. एवढंच. स्वतः काही खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. जिवंत पेशीत शिरला तरच त्याला अर्थ आहे.

आता तो येतो कुठून. वीर्यात, वीर्याआधी येणाऱ्या चिकट पाण्यात, योनीतल्या स्रावात, गुदाशयाच्या स्रावात आणि रक्तात. ह्यात दोन प्रकारचा माल असतो, एक सुटे विषाणू आणि दुसरं म्हणजे आधीच लागण झालेल्या पांढऱ्या पेशी, ज्यांच्या पोटात विषाणूची तयार शेती चालूय. ही आलेली पेशी समोरच्याच्या पेशीला नुसती चिकटली तरी त्या जोडावरून विषाणू पलीकडे सरकतात, बाहेर पडायची पण गरज नाही.

पण त्याच्या वाटेत भिंत आहे, आणि सगळी कथा ह्या भिंतीची आहे.

बाहेरच्या धड कातडीतून एचआयव्ही आत जात नाही, कारण वरच्या थरातल्या पेशी मेलेल्या आणि टणक असतात, मेलेल्या पेशीत त्याला काय काम. आतल्या ओल्या अस्तराचं वेगळं. योनीचं अस्तर पेशींच्या बऱ्याच थरांचं असतं, आपल्या घरातली जुनी गोधडी धरा, लुगड्यावर लुगडं शिवलेली. गर्भाशयाच्या मुखाच्या आतल्या नळीत मात्र एकच थर, आणि गुदाशयाच्या आत पण एकच थर, म्हणजे एकेरी मलमल. त्यात गुदाशयाला ओलावा कमी, घासलं की लगेच फाटतं, आणि त्या मलमलच्या बरोबर खाली विषाणूला हव्या त्या पेशी खच्चून भरलेल्या, कारण आतड्यात रोज जंतूंशी गाठ पडते म्हणून शरीराने तिथे आपली सगळ्यात मोठी छावणी ठेवलीय. गुदमैथुनात धोका सगळ्यात जास्त का ह्याचं उत्तर एवढंच आहे. त्यात पाप-पुण्याचा संबंध नाही, थरांचा आहे, आणि बायको-नवऱ्यात असलं तरी तेच लागू.

पुरुषाला वाटतं आपण देणारे, आपल्याला काय होतंय. लिंगाच्या पुढच्या कातडीची आतली बाजू ओलसर आणि मऊ असते, तिथे रखवालदार पेशी बऱ्याच असतात, आणि मूत्रमार्गाचं तोंड तर उघडंच. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा ह्या तीन देशांत २००५ ते २००७ च्या दरम्यान ज्या मोठ्या ट्रायल आल्या त्यात सुंता केलेल्या पुरुषांना बाईकडून लागण होण्याचा धोका साधारण ६० टक्क्यांनी कमी दिसला. कारण धर्माचं नाही, ती आतली मऊ बाजूच उरत नाही म्हणून. १०० टक्के मात्र नाही, हे लक्षात ठेवा, नाहीतर कोणीतरी अर्धंच वाक्य घेऊन व्हॉट्सॲपला टाकेल.

बाईच्या बाजूला भिंतीच्या आधी अजून एक पहारा असतो. निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू राहतात, दही लावणाऱ्या जंतूंचे भाऊबंदच, ते लॅक्टिक ॲसिड तयार करून तिथला पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.५ च्या खाली ठेवतात. त्या आंबट वातावरणात विषाणू लंगडा पडतो आणि तिथला चिकट स्राव त्याला चिखलात अडकलेल्या चाकासारखा धरून ठेवतो. पण वीर्य अल्कधर्मी असतं, ते आलं की काही तासांसाठी हा आंबटपणा उतरतो. आणि हे चांगले जंतू कमी झाले, घाण वास येणारं पांढरं जायला लागलं, की पहाराच उठला. बाया लाजून सांगत नाहीत आणि आतून साबण, जंतुनाशक लावून धुवायला जातात, त्याने उरलेसुरले चांगले जंतू पण जातात. बाहेरून साध्या पाण्याने धुवा, आतलं घर स्वतःच स्वच्छ राहतं.

ह्यावरून नोनॉक्सिनॉल-९ ची गोष्ट सांगायलाच पाहिजे. हे शुक्राणू मारणारं रसायन, साबणासारखंच काम करतं, परीक्षानळीत एचआयव्हीचा तेलकट पापुद्रा विरघळवून त्याला मारतं. लोकांना वाटलं, बस्स, बायांच्या हातात जेल दिलं की काम झालं. आफ्रिका आणि थायलंडमधल्या वेश्याव्यवसायातल्या बायांवर ट्रायल झाली, २००० साली निकाल आला, तर जेल वापरणाऱ्या बायांना लागण उलट जास्त, आणि जितकं जास्त वेळा वापरलं तितकी जास्त. का? तर रसायनाला विषाणूचा पापुद्रा आणि बाईच्या पेशीचा पापुद्रा ह्यात फरक कळत नाही, त्याने भिंतच खरवडली, आणि खरवडलेल्या जागी शरीराने पांढऱ्या पेशींची फौज पाठवली, जी विषाणूला हवीच होती. मला ही ट्रायल एचआयव्हीबद्दलची सगळ्यात शिकवणारी गोष्ट वाटते.

गुप्तरोगांचं पण हेच. हर्पिस, गरमी ह्यांची जखम म्हणजे भिंतीला भगदाड हे तर झालंच, पण जखम भरली तरी तिच्याखाली त्या पांढऱ्या पेशी कितीतरी आठवडे रेंगाळतात. वरून सगळं साफ, खाली विषाणूसाठी पंगत मांडून ठेवलेली. म्हणून खाज, फोड, पू असलं काही असेल तर मेडिकलवरून मलम आणून दाबून टाकू नका, दोघांनी मिळून पूर्ण इलाज घ्या, दोघांनी.

आता आकडे, कारण आमच्या शेतकऱ्याने तेच विचारलं होतं, "मंग किती टाइमनं लागस?" समोरचा पॉझिटिव्ह, गोळ्या चालू नाहीत, कंडोम नाही, अशा स्थितीत योनीसंबंधात बाईला दर १०,००० वेळांमागे साधारण ८ वेळा, पुरुषाला ४ वेळा, आणि गुदमैथुनात आत घेणाऱ्याला १३८ वेळा, असा अंदाज अभ्यासांवरून काढलाय. हे वाचून कोणी पाय पसरून बसू नका! ही सरासरी आहे, आणि सरासरी म्हणजे गिरणेची सरासरी खोली गुडघाभर असली तरी डोहात माणूस बुडतोच. समोरच्याला नुकतीच लागण झालेली असेल, जखम असेल, दुसरा गुप्तरोग असेल तर आकडा कितीतरी पटीने वर जातो. आमच्याकडे लग्नाला चार महिने झालेली पोरगी पॉझिटिव्ह आलीय, आणि सहा वर्षांवाली निगेटिव्ह पण आलीय, दोन्ही रिपोर्ट खरे. शिवाय दाजींना सहा वर्षांपूर्वीपासून आहे असं कोणी सांगितलं? मागच्या वर्षी पण लागण झालेली असू शकते.

एक जाता जाता. धुळ्याला आग्रा रोड आणि सुरत-नागपूर हायवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे आपल्याकडे एचआयव्ही म्हटलं की ट्रकवाल्यांच्या नावाने बोटं मोडायची जुनी सवय. मी ज्यांचं रक्त काढतो त्यातल्या बऱ्याच जणी घर आणि शेत सोडून कुठे न गेलेल्या बाया असतात. विषाणू लायसन बघत नाही.

बरं, समजा भिंत ओलांडली. बारीक चिरेतून, थरांमधल्या फटीतून, किंवा कोणीतरी हाताला धरून नेलं. आता तो कोणत्या पेशीत शिरणार? सगळ्या पेशींत तो शिरू शकत नाही. त्याला दोन खुणा एकाच पेशीवर पाहिजेत. पहिली सीडी४ नावाचं प्रथिन, दुसरी सीसीआर५. सीडी४ असलेल्या टी पेशी म्हणजे आपल्या संरक्षणाचे मुकादम, कोणी कुठे जायचं, कोणी काय करायचं ते ह्यांच्या इशाऱ्यावर. (तुम्ही जो "सीडी४ काउंट" ऐकता तो ह्यांचीच मोजणी.) विषाणूच्या काट्याचं टोक, जीपी१२०, आधी सीडी४ ला चिकटतं. चिकटल्याबरोबर काट्याचा आकार बदलतो, आत झाकलेला भाग उघडा पडतो, तो सीसीआर५ ला लागतो, आणि मग काट्याचा खालचा भाग, जीपी४१, पेशीच्या पापुद्र्यात आकडा टाकतो. अगदी शेतात मोटार चालवायला लोक तारेवर आकडा टाकतात ना, तसाच. आकडा टाकून तो स्वतःची घडी घालतो, त्या ओढीने विषाणू आणि पेशी एकमेकांवर येतात, दोघांचे पापुद्रे एक होतात, जसे आमटीवरचे तेलाचे दोन थेंब एकत्र होतात, आणि कागदी पुडा सरळ पेशीच्या आत. आणि चोरीच्या विजेसारखंच, पुढचा सगळा धंदा पेशीच्या करंटवर.

सीसीआर५ किती महत्त्वाचं ते बघायचं असेल तर युरोपात काही थोड्या लोकांना जन्मतः आई-बाप दोघांकडून ह्या प्रथिनाचा बिघडलेला जीन मिळतो, पेशीवर ते येतच नाही, आणि त्यांना नेहमीच्या प्रकारचा एचआयव्ही लागत नाही. टिमोथी रे ब्राउन नावाचा अमेरिकन माणूस, बर्लिनमधे राहायचा, त्याला एचआयव्ही पण होता आणि रक्ताचा कॅन्सर पण. २००७ साली त्याला अशाच बिघडलेल्या जीनवाल्या माणसाच्या मूळपेशी दिल्या आणि तो बरा झालेला जगातला पहिला माणूस ठरला. हा इलाज इतका जीवघेणा आहे की कॅन्सर नसताना कोणी करत नाही, पण दुसरी खूण किती लागते ते त्याने सिद्ध झालं.

आता ते "हाताला धरून नेलं" वालं. अस्तरात डेंड्रायटिक नावाच्या पेशी असतात, लांब हातांच्या, ह्यांचं काम म्हणजे शेताच्या बांधावर जे परकं दिसेल त्याचा नमुना उचलायचा आणि मार्केट यार्डात नेऊन दाखवायचा. यार्ड म्हणजे लसिका ग्रंथी, पायाला काटा पिकला की जांघेत अवधाण येतं ना, तीच गाठ. तिथे टी पेशी व्यापाऱ्यांसारख्या हजारोंनी जमतात, नमुना हातात घेऊन बघतात, ओळखीचा शत्रू निघाला तर लढाईचा सौदा पक्का. दुसऱ्या कोणत्याही जंतूसाठी ही व्यवस्था उत्तम. पण एचआयव्ही हा असा नमुना आहे की तो व्यापाऱ्याचाच हात धरतो. बरेच विषाणू डेंड्रायटिक पेशी वाटेतच पचवतात, पण जे वाचतात त्यांना आयतं गाडीत बसवून गर्दीच्या मधोमध नेऊन सोडतात.

पुड्याकडे परत येऊ. आधी पुस्तकात असायचं की पुडा पेशीत शिरल्यावर लगेच उलगडतो, पण अलीकडच्या काही वर्षांत दिसलंय की तो बऱ्याचदा शाबूतच केंद्रकापर्यंत, म्हणजे पेशीचा डीएनए असतो तिथपर्यंत, सरकत जातो आणि केंद्रकाच्या भोकातून निमुळतं टोक पुढे करून आत घुसतो. ह्या पुड्याच्या भिंतीत एकाच प्रथिनाच्या साधारण दीड हजार विटा असतात. लेनाकापॅव्हिर नावाचं नवीन औषध ह्याच विटांमधे अडकतं, सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शन, आणि २०२४ साली दक्षिण आफ्रिका-युगांडातल्या तरुण मुलींवरच्या ट्रायलमधे हे घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. एकीलाही नाही.

औषध नसेल तर पुड्याच्या आत काम सुरू होतं. आपल्या पेशीत लिखाण डीएनएवरून आरएनएवर उतरतं, हा उलटं करतो, आरएनएवरून डीएनए लिहितो. असं उलटं होऊ शकतं हे १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर ह्यांनी दाखवलं तेव्हा बऱ्याच शास्त्रज्ञांना ते पचलं नव्हतं, पुढे १९७५ ला नोबेल मिळालं. हे उलटं लिहिणारं एन्झाइम कारकून म्हणून एकदम गलथान, सारख्या चुका करतं, आणि तपासणारं कोणी नाही. पण ह्या चुकांमुळेच दर पिढीत थोडे वेगळे विषाणू निघतात आणि औषध अर्धवट घेतलं तर त्यातला एखादा औषधाला पुरून उरतो. गुलाबी बोंडअळीने बीटीचं काय केलं ते आपल्याकडच्या कपाशीवाल्याला मी काय सांगणार.

आणि बीटीचं नाव निघालंच आहे तर पुढची पायरी त्यावरूनच कळते. २००२ पासून आपल्याकडे जी बीटी कपाशी आली तिच्यात मातीतल्या एका जंतूचा जीन कपाशीच्या डीएनएमधे बसवलेला आहे. तो फवारलेला नाही की पावसाने धुऊन जाईल, तो झाडाच्या लिखाणातच आहे. एचआयव्ही पेशीला हेच करतो. इंटिग्रेज नावाचं त्याचं एन्झाइम आपला डीएनए कापतं आणि मधे विषाणूचा डीएनए शिवून टाकतं, जाणूनबुजून अशा जागी जिथे पेशीचं कामकाज जोरात चालू असतं. फरक इतकाच की बीटीचा जीन झाडाच्या प्रत्येक पेशीत असतो, इथे फक्त लागण झालेल्या पेशीत. ती पेशी जिवंत आहे तोपर्यंत विषाणू तिच्या सातबाऱ्यावर चढला म्हणून समजा.

त्यानंतर पेशी बिचारी स्वतःचं समजून विषाणूचे सुटे भाग बनवत बसते. एक-दोन दिवसांत नवीन विषाणू कळ्यांसारखे तिच्या कडेवरून फुटून निघतात, जाताना तिचाच पापुद्रा पांघरून. बाहेर पडताना ते कच्चे असतात, प्रोटिएज नावाची त्यांची कात्री आतले भाग कापून जुळवते तेव्हा पुडा तयार होतो आणि माल पक्का. पेशी बहुतेक वेळा मरते. काही पेशी मात्र विषाणू पोटात घेऊन झोपून जातात, त्यांचं पुढे बोलतो.

आता त्या "एकच पुरतो" वर येतो. नुकतीच लागण झालेल्या लोकांच्या रक्तातल्या विषाणूंचं लिखाण वाचून मागे-मागे जाता येतं, जसं भाटाच्या वहीतून मूळ पुरुषापर्यंत जातात. स्त्री-पुरुष संबंधातून लागण झालेल्या दहातल्या साधारण आठ जणांमधे ही वंशावळ एकाच विषाणूपाशी येऊन थांबते. देणाऱ्याच्या शरीरात शेकडो तऱ्हांचे विषाणू, वीर्यात लाखो कण असू शकतात, स्रावात अडकले, ॲसिडमधे मेले, थरात हरवले, पेशींनी पचवले, आणि ह्या सगळ्यातून एक निघाला, त्याला योग्य पेशी भेटली, आणि त्याचाच वंश पुढे सगळ्या शरीरात. हे मी टपरीवर सांगितलं तेव्हा आमचा शेतकरी पहिल्यांदा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हनजे मनी बहीणना आंगे तो एक आजून पोचना नई." अगदी बरोबर.

पहिले काही दिवस हा वंश आत शिरल्या जागेच्या आसपासच असतो, मूठभर पेशींत. रक्ताच्या कोणत्याही टेस्टला काही सापडत नाही, साधारण दहा दिवस तरी. मग गाठी, मग रक्त, आणि मग आतड्याची ती मोठी छावणी, तिथे सीडी४ पेशींची जी कत्तल होते ती सुरुवातीच्या काही आठवड्यांतच. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात रक्ताच्या एका थेंबात हजारो कण असू शकतात, कोणाला ताप, पुरळ, घसा, लोक व्हायरल समजून सलाईन लावून घेतात. आमचं रॅपिड किट विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं शोधतं, ती यायला तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत वेळ जातो, हाच तो विंडो पिरियड. म्हणजे माणूस सगळ्यात जास्त पसरवू शकतो तेव्हाच त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून मॅडम तीन महिन्यांनी परत बोलावतात, फेऱ्या मारायला लावायची हौस नाही त्यांना.

आणि म्हणूनच ७२ तास. कंडोम फाटला, जबरदस्ती झाली, सुई टोचली, तर ७२ तासांच्या आत, खरं म्हणजे जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, पीईपीच्या, म्हणजे लागण रोखायच्या, गोळ्या सुरू करून २८ दिवस घ्यायच्या असतात. माकडांवरच्या प्रयोगात दिसलंय की विषाणू काही तासांत भिंत ओलांडतो आणि तीन दिवसांत लपून बसायची जागा धरतो. एकदा सातबाऱ्यावर नाव चढलं की मग उपयोग नाही. लाजेत एक रात्र, घरी कोणाला सांगू ह्यात दुसरी, आणि रविवार म्हणून तिसरी, अशी ती मुदत जाते. रविवारी कॅज्युअल्टी उघडी असते हो.

दाजींची गोळी त्याच आठवड्यात सुरू झाली. टेनोफोव्हिर, लॅमिव्युडिन, डोल्युटेग्रॅव्हिर, तिन्ही एकाच गोळीत, रोज एक, सरकारी एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं देतात तिथे) फुकट. पहिली दोन त्या गलथान कारकुनाचा हात धरतात, तिसरं शिवणाऱ्या एन्झाइमला अडवतं. नवीन पेशींत लागण बंद, म्हणजे नवीन माल बंद, म्हणजे काही महिन्यांत रक्तात आणि वीर्यात मोजण्याएवढा विषाणूच उरत नाही. युरोपात पार्टनर नावाचे दोन मोठे अभ्यास झाले, एक पॉझिटिव्ह एक निगेटिव्ह अशी शेकडो जोडपी, पॉझिटिव्हच्या गोळ्या नीट चालू आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला, पहिल्यात कंडोमशिवाय सुमारे ५८,००० वेळा संबंध, दुसऱ्यात पुरुष-पुरुष जोडप्यांमधे सुमारे ७६,००० वेळा. जोडीदाराकडून लागण किती जणांना? शून्य. आपल्या भागात ही गोष्ट लोकांपर्यंत पोचलीच नाहीये, आणि त्यापायी चांगली पोरं लग्नाचं नाव काढत नाहीत.

सहा-आठ महिन्यांनी तो परत आला, ह्यावेळी बहीण पण सोबत. ती तेव्हाही निगेटिव्ह. दाजींच्या व्हायरल लोडच्या कागदावर विषाणू सापडला नाही असं लिहून आलं होतं, तो कागद घडी घालून खिशात. "मंग आते तो गया ना? गोया बंद करू दिऊत का?" म्हटलं नाही रे बाबा. त्या झोपलेल्या पेशी आठवतात? त्यांच्यात विषाणूचं लिखाण तसंच आहे, गोळी फक्त नवीन लागण थांबवते, लिखाण खोडत नाही, बंद केली की काही आठवड्यांत परत उठतो. त्याने जरा विचार केला, म्हणाला, "बी घरमा शे, पन पेरनी बंद." मी दोन पानं बोललो ते ह्याने एका ओळीत संपवलं, मी आता ते वाक्य पेशंटला सर्रास वापरतो.

बहीण तोपर्यंत गप्प उभी होती. तिला आपलं एकच विचारायचं होतं, मच्छर चावला तर? घरात पोरगी आहे, सगळे एका खोलीत झोपतात. तिला सांगितलं की मच्छराच्या अंगात सीडी४ वाली पेशीच नसते, विषाणू त्याच्या पोटात रक्तासोबत पचून जातो, आणि मच्छर चावताना आधीचं रक्त सोडत नाही, फक्त स्वतःची लाळ सोडतो. मलेरियाचा जंतू मच्छराच्या पोटातून निघून लाळेपर्यंत जाऊ शकतो, एचआयव्हीला ते जमत नाही.

मलेरियाचं नाव ऐकून भाऊच मधे बोलला, त्याच्या सालदाराला तीन दिवसांपासून थंडी वाजून ताप येतोय, त्याचं रक्त इथंच तपासून मिळेल का. म्हटलं घेऊन ये, बाराच्या आत ये फक्त.